तुम्ही विचारलंत म्हणून: एकमेकांपासून बातमी लपवणारे रिपोर्टर दरवर्षी एकत्र जमून करतात तरी काय?

शोधपत्रकारितेवर कुठेही बोलले की हा प्रश्न येतोच, कधी विद्यार्थ्यांकडून तर कधी डेस्कवर आयुष्य गेलेल्या मंडळींकडून. म्हणणं असं, की तुम्ही त्या अमेरिकेतल्या आयआरई या शोधपत्रकारांच्या संघटनेच्या कॉन्फरन्सचं इतकं कौतुक करता, पण रिपोर्टर तर शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही आपली बातमी कळू देत नाही, मग हे शेकडो लोक दरवर्षी एका हॉटेलात तीन-चार दिवस बसून एकमेकांना सांगतात काय? प्रश्न अगदी योग्य आहे. दर वेळी तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते, कारण उत्तर त्या कॉन्फरन्सच्या इतिहासातच आहे.

आयआरई म्हणजे इन्व्हेस्टिगेटिव्ह रिपोर्टर्स अँड एडिटर्स, स्थापना १९७५. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचा वॉटरगेट प्रकरणातला राजीनामा ऑगस्ट १९७४ मधला, ते प्रकरण रिपोर्टरांनीच लावून धरलेलं, त्यामुळे लोकांना वाटतं की वॉटरगेटच्या झगमगाटातून ही संघटना उभी राहिली, आणि हवा तशी होतीच, पण माझ्या मते खरं कारण इंडियानापोलिसमध्ये सापडतं. तिथल्या इंडियानापोलिस स्टार या पेपरच्या टीमने १९७४ मध्ये शहरातल्या पोलिसांचा भ्रष्टाचार उघड केला आणि झालं काय तर टीममधल्या दोन रिपोर्टरांवरच उलटा खटला भरला, पोलिसाला लाच देण्याचा कट केला म्हणून. आरोप पुढे मागे घेतले गेले, मालिकेला १९७५ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतला पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार, तोही मिळाला, पण मधले महिने त्यांनी कसे काढले असतील विचार करा, असं काम दुसऱ्या शहरात कोण करतंय, अशा वेळी काय करायचं, कोणाला फोन करायचा, काहीच माहीत नाही. त्याच पेपरमधले हार्ली बिअर्स आणि मर्टा पुलियम या दोघांनी पुढाकार घेतला आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये व्हर्जिनियातल्या रेस्टन गावी मोजकेच पत्रकार जमले. संघटना काढायचं तिथे ठरलं, पहिली राष्ट्रीय कॉन्फरन्स जून १९७६, इंडियानापोलिसलाच.

आणि त्या कॉन्फरन्सच्या तोंडावरच डॉन बोल्स गेला.

बोल्स हा फीनिक्सच्या ॲरिझोना रिपब्लिकचा रिपोर्टर, वय ४७, आयआरईच्या अगदी सुरुवातीच्या सदस्यांपैकी. जमिनीचे घोटाळे, माफियाची माणसं, रेसिंगच्या धंद्यातला पैसा यावर त्याने वर्षानुवर्षं लिहिलं होतं, खरं तर तेव्हा तो त्यातून बाहेर पडून विधिमंडळ कव्हर करत होता. जमिनीच्या एका व्यवहाराची माहिती देतो असं सांगून जॉन ॲडमसन नावाच्या माणसाने त्याला २ जून १९७६ ला क्लॅरेंडन हॉटेलात बोलावलं. बोल्स लॉबीत थांबला, तिथे त्याच्यासाठी फोन आला, मग तो पार्किंगमध्ये गेला, गाडी सुरू केली, गाडी जेमतेम हलली आणि खाली लावलेला बॉम्ब फुटला. रस्त्यावर पडलेल्या अवस्थेत त्याने ॲडमसनचं नाव सांगितलं. दोन्ही पाय आणि एक हात कापावा लागला, ११ दिवस झुंज दिली आणि १३ जूनला तो वारला.

म्हणजे पुढच्या काही दिवसांत इंडियानापोलिसला जमलेले लोक कुठल्या मनःस्थितीत असतील बघा. सेशन ठरलेली होती, वक्ते ठरलेले होते, पण बोलणं सगळं फीनिक्सचं. आपल्यातला एक मारला गेला, आता निषेधाचा ठराव करून घरी जायचं का? तिथल्या चर्चेतून पुढे काही आठवड्यांत ठरलं ते असं: खुनी शोधणं पोलिसांचं काम, आपण बोल्सचं काम पुढे न्यायचं. न्यूजडे या पेपरचे बॉब ग्रीन प्रमुख झाले आणि देशभरातल्या वेगवेगळ्या पेपरांचे आणि स्टेशनांचे जवळपास चाळीस रिपोर्टर आलटून पालटून फीनिक्सला येऊन राहिले, कोणाला ऑफिसने पाठवलं, कोणी स्वतःची रजा टाकून आलं. ॲरिझोना प्रोजेक्ट म्हणतात ते हेच. प्रत्येक मुलाखतीनंतर मेमो टाइप करायचा, त्यातली नावं कार्डांवर उतरवायची, कार्डं सगळ्यांसाठी खुली. मार्च १९७७ मध्ये २३ भागांची मालिका आली, ॲरिझोनातलं राजकारण, जमिनी आणि संघटित गुन्हेगारी यांचे लागेबांधे दाखवणारी, आणि ती बऱ्याच पेपरांनी एकाच वेळी छापली. बोल्सच्या स्वतःच्या पेपरने मात्र छापली नाही!

ग्रीन यांचं गणित सोपं होतं. एका रिपोर्टरला मारलं की बातमी मरते असा समज असेल तर मारणं परवडतं, पण एकाच्या जागी चाळीस जण येऊन तीच बातमी करणार असतील तर मारणाऱ्याचा फायदा काय? रिपोर्टरांचा विमाच म्हणा ना.

सगळ्यांना हे पटलं होतं असं अजिबात नाही आणि हा भाग मी मुद्दाम सांगते कारण नुसती गौरवगाथा सांगितली की विद्यार्थ्यांना वाटतं सगळे एकदिलाने उभे राहिले. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट या प्रकल्पात उतरलेच नाहीत. स्पर्धा आहे म्हणून पत्रकारिता धारदार राहते, असा झुंडीने तपास करणं आपलं काम नव्हे, असे आक्षेप होते आणि ते हलके नव्हते. नंतर बदनामीचे खटले झाले, एका नवख्या संघटनेला ते किती वर्षं आणि किती जड गेले असतील याची कल्पना करा. आयआरईने असा प्रकल्प स्वतः पुन्हा कधी हातात घेतला नाही. मला विचाराल तर प्रकल्प करणं बरोबर होतं आणि पुन्हा न करणंही बरोबर होतं, कारण संघटनेने स्वतः बातम्या करायला लागण्यापेक्षा बातमी करणाऱ्यांना तयार करणं जास्त टिकाऊ काम आहे, आणि १९७८ मध्ये ऑफिस मिझुरी विद्यापीठाच्या जर्नालिझम स्कूलमध्ये गेल्यावर त्यांनी तेच धरून ठेवलं.

आता मूळ प्रश्नाकडे, सांगतात काय? तर बातमी वेगळी आणि बातमी काढायची रीत वेगळी. बातमी छापून येईपर्यंत झाकून ठेवायची, पण एकदा छापली की ती कशी काढली हे झाकून कोणाचं भलं होतं? उदाहरण देते म्हणजे लक्षात येईल. आयआरईच्या संस्थापकांमध्ये पॉल विल्यम्स होते, ते आधी ओमाहाच्या सन या साप्ताहिकाचे संपादक होते. ओमाहाजवळ बॉइज टाउन नावाची अनाथ मुलांची प्रसिद्ध संस्था, देशभर पत्रं पाठवून देणग्या मागायची, पैशांची चणचण आहे असा एकूण सूर. सनने १९७२ मध्ये दाखवून दिलं की या संस्थेकडे २० कोटी ९० लाख डॉलर पडून आहेत. हे कुठून कळलं, तर अशा संस्थांना कर खात्याकडे दरवर्षी आपल्या पैशांचा हिशेब देणारा फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो कोणालाही मागून बघता येतो. या फॉर्मकडे बोट दाखवलं होतं पेपरच्या मालकाने, आणि मालक कोण तर गुंतवणूकदार म्हणून प्रसिद्ध असलेले वॉरेन बफे. मालिकेला १९७३ चं पुलित्झर मिळालं. आता ही ओमाहाची बातमी ओमाहाचीच राहणार, ती कोण चोरणार? पण फॉर्म ९९० कुठे मिळतो, त्यात कुठला रकाना आधी बघायचा, मागच्या वर्षाच्या फॉर्मशी तो कसा ताडायचा हे ज्याला कळलं तो आपल्या शहरातली संस्था तपासू शकतो.

कॉन्फरन्समध्ये हेच चालतं. वक्ता येतो, आपली छापून आलेली बातमी उलगडून दाखवतो, कुठे अडलो, कुठल्या खात्याने माहिती नाकारली, अपील कसं केलं, कोणत्या माणसाशी सगळ्यात शेवटी बोललो आणि का शेवटी, आणि जाताना हे सगळं मुद्देसूद लिहिलेला कागद मागे ठेवतो. त्याला टिपशीट म्हणतात. अशी हजारो टिपशीट्स दरवर्षी जमत गेली आणि संस्थेने ती जपून ठेवली, माझ्या दृष्टीने भाषणांपेक्षा आणि पुरस्कारांपेक्षा हाच या कॉन्फरन्सचा खरा ठेवा आहे. आपल्याकडच्या पत्रकार अधिवेशनांत सत्कार आणि ठराव यांना जेवढा वेळ मिळतो त्यातला अर्धा जरी याला मिळाला तर काय होईल असं मला नेहमी वाटतं. २००५ पासून माहितीचा अधिकार आपल्याकडेही आहे, अर्ज करणारे जिद्दी बातमीदार जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, पण एकाला जे पाच अर्ज फेटाळले गेल्यावर कळलं ते दुसऱ्याला पुन्हा पाच अर्ज फेटाळले गेल्यावरच कळतं.

पुढचा मोठा टप्पा कॉम्प्युटरचा. प्रॉव्हिडन्स जर्नलमध्ये एलियट जॅस्पिन नावाचा रिपोर्टर होता, ऱ्होड आयलंडमध्ये स्कूल बसच्या अपघातांत मुलं गेली तेव्हा त्याने बस ड्रायव्हरांची यादी एकीकडे आणि वाहतूक गुन्ह्यांची व कोर्टातल्या शिक्षांची नोंद दुसरीकडे घेऊन कॉम्प्युटरवर जुळवली, आणि वाईट रेकॉर्डवाले, अगदी ड्रग्ज विकल्याबद्दल शिक्षा झालेले लोकसुद्धा मुलांच्या बस चालवत होते हे निघालं. हे ऐंशीच्या दशकात, सरकारी डेटा मोठ्या टेपांवर असायचा तेव्हा. १९८९ मध्ये त्याने मिझुरीत हे शिकवायला संस्था काढली, ती पुढे आयआरईबरोबर नायकार (नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर कॉम्प्युटर-असिस्टेड रिपोर्टिंग) झाली आणि नव्वदच्या दशकापासून तिची वेगळी कॉन्फरन्स भरते. तिथे भाषणं कमी, लॅपटॉप उघडून बसायचं आणि एक्सेलपासून कोडिंगपर्यंत हाताने करून शिकायचं. मार्च २०२० ची न्यू ऑर्लिन्सची नायकार झाली आणि पाठोपाठ हजर असलेल्यांपैकी एकाला कोविड असल्याचं कळलं, त्या वर्षीची उन्हाळ्यातली आयआरई कॉन्फरन्स मग ऑनलाइनच घ्यावी लागली.

अमेरिकेबाहेर हे गेलं ते डेन्मार्कमार्गे. २००१ मध्ये कोपनहेगनला पहिली जागतिक कॉन्फरन्स झाली, आयआरईचे ब्रँट हाउस्टन आणि डेन्मार्कचे निल्स मुलवाद हे त्यामागचे, आणि २००३ मध्ये तिथेच ग्लोबल इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम नेटवर्क म्हणजे जीआयजेएन हे शोधपत्रकारांचं जागतिक जाळं उभं राहिलं. मग ॲमस्टरडॅम, टोरांटो, कीव्ह, रिओ, जोहान्सबर्ग असं फिरत २०२५ मध्ये क्वालालंपूर. आशियासाठीची वेगळी कॉन्फरन्स २०१६ मध्ये आपल्या शेजारी काठमांडूला झाली होती.

आणि बोल्स? २०१७ मध्ये आयआरईची कॉन्फरन्स फीनिक्सलाच भरली, मालिका छापून आली त्याला ४० वर्षं झाली होती. त्याच वर्षी डॉन बोल्स मेडल सुरू झालं, पहिलं मेडल मेक्सिकोच्या पत्रकार मिरोस्लावा ब्रीच यांना, मरणोत्तर, तिथल्या चिवावा शहरात त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांना घरासमोर गोळ्या घातल्या होत्या. अपुरं काम पुढे न्यायची पद्धत आता बऱ्याच जणांनी उचललीय. फ्रान्समधून चालणाऱ्या फॉरबिडन स्टोरीज या गटाचं तर तेच काम आहे, बेंगळुरूत २०१७ मध्ये मारल्या गेलेल्या पत्रकार गौरी लंकेश ज्या विषयावर लिहीत होत्या, म्हणजे पसरवल्या जाणाऱ्या खोट्या माहितीवर, त्यावर या गटाने २०२३ मध्ये बऱ्याच देशांतल्या पत्रकारांना घेऊन मालिका केली. सप्टेंबर २०२२ मध्ये लास वेगास रिव्ह्यू-जर्नलचे जेफ जर्मन यांचा खून झाला तेव्हा त्यांच्या टेबलावर सुमारे ५० कोटी डॉलरच्या एका कथित पाँझी स्कीमचे, म्हणजे नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून जुन्यांना परतावा देणाऱ्या फसवणुकीचे, कागद होते, ती बातमी रिव्ह्यू-जर्नलच्या साथीने पूर्ण केली लिझी जॉन्सन यांनी, आणि त्या होत्या वॉशिंग्टन पोस्टच्या, म्हणजे १९७६ मध्ये फीनिक्सला न आलेल्या पेपरच्या.

पुढचा प्रश्न असतो की आम्हाला तिथे जाणं कसं परवडणार. फेलोशिप असतात, जागतिक कॉन्फरन्सला तर विकसनशील देशांतल्या पत्रकारांसाठी असतातच, अर्ज जरूर करा. ते जमेपर्यंत जीआयजेएनचं बरंच साहित्य फुकट आहे आणि बांगलासकट अनेक भाषांत आहे, आयआरईच्या टिपशीट्ससाठी मेंबर व्हावं लागतं. आणि तुमच्या तालुक्यातले चार बातमीदार महिन्यातून एकदा बसून छापून आलेली एकेक बातमी उलगडणार असतील तर मला कळवा, मी येईन.