कोमात्सुंचं गणकयंत्र

२८ जानेवारी

जपानी विज्ञानकथाकार साक्यो कोमात्सुंचा जन्मदिवस. ओसाका, १९३१. खरं नाव मिनोरु. ‘साक्यो’तला ‘सा’ म्हणजे डावा आणि ‘क्यो’ क्योतोचा. डावीकडे कललेला क्योतो विद्यापीठाचा विद्यार्थी, असा त्याचा अर्थ. तरुणपणी ते कम्युनिस्ट पक्षात होतेच. शिकले इटालियन साहित्य, प्रबंध नाटककार पिरांदेल्लोवर, पदवी १९५४ ची. पुढे ज्यांच्या कादंबरीवर भूभौतिकीचे प्राध्यापक बोलू लागले, त्या माणसाचं हे शिक्षण.

पोटासाठी केलेली कामं जास्त बोलकी आहेत. विद्यार्थी असताना मांगा चित्रकथा काढल्या. मग ‘अॅटम’ नावाच्या आर्थिक मासिकात वार्ताहर, आणि रेडिओसाठी बातम्यांवरचं मान्झाई लिहिणं. मान्झाई म्हणजे दोघांची विनोदी सवालजबाबी, आपल्या बतावणीच्या जवळची. ताजी बातमी घ्यायची आणि एक शहाणा, एक खुळा अशा दोन तोंडांतून ती ऐकणाऱ्याला समजेल अशी सोडवायची. त्यांच्या कादंबऱ्यांत शास्त्रज्ञ मंत्र्यांना भूगर्भ समजावतात, तेव्हा हाच हात दिसतो. प्रश्न विचारणारा नेहमी आपल्याला पडलेलाच प्रश्न विचारतो.

१९६१ मध्ये हायाकावा प्रकाशनाच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी एक कथा पाठवली. तिच्यात ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपतच नाही आणि एक किशोरवयीन सैनिक डोंगरात लढत राहतो. युद्ध संपलं तेव्हा कोमात्सु १४ वर्षांचे होते. युद्ध लांबलं असतं तर पुढची पाळी त्यांच्याच वयाच्या मुलांची.

२९ जानेवारी

१९६४ हे वर्ष विलक्षण. पहिली कादंबरी ‘निहोन अपाची-झोकु’: ओसाकाच्या लष्करी शस्त्रागाराच्या अवशेषांत लोखंड खाऊन जगणारी जमात. शस्त्रागार खरं, शरणागतीच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्टला, बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं. तिथलं भंगार चोरणाऱ्यांना लोक ‘अपाची’ म्हणत, तेही खरं. कल्पना एकच: भंगार विकण्याऐवजी खाल्लं तर? एवढ्यावर दुसरा कुणी थकून बसला असता. यांनी त्याच वर्षी ‘फुक्कात्सु नो हि’ (पुनरुत्थानाचा दिवस) या कादंबरीत थंडीत निपचित राहून ऊब मिळताच फोफावणारा विषाणू घडवला आणि माणसं फक्त अंटार्क्टिकावर उरवली.

आणि त्याच वर्षी ‘निहोन चिम्बोत्सु’, म्हणजे ‘जपान बुडतं’, लिहायला घेतली. ती पुरी व्हायला नऊ वर्षं लागली.

३० जानेवारी

ही नऊ वर्षं वाया गेली नाहीत. वेगेनरने १९१२ मध्ये मांडलेला खंडवहनाचा, म्हणजे खंड सरकतात हा, सिद्धांत १९६४ मध्येही बहुतेकांना पटलेला नव्हता. समुद्रतळ पसरतो ही हेसची मांडणी १९६२ ची, आणि भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीचं कवच सरकत्या तुकड्यांचं आहे हा, सिद्धांत आकाराला आला १९६७-६८ च्या सुमारास. म्हणजे पुस्तक लिहिलं जात असताना त्याच्या पायाखालचं शास्त्रच तयार होत होतं. दोन वर्षांत उरकलं असतं, तर प्रकाशित होईपर्यंत ते शिळं झालं असतं.

देश बुडवणं सोपं नाही. भूखंडाच्या कवचाची घनता पाण्याच्या साधारण २.७ पट, त्याखालच्या खडकाच्या थराची, म्हणजे प्रावरणाची, ३.३ पट, म्हणून लाकूड पाण्यावर तरंगावं तशी जमीन तरंगते. वरून कितीही भूकंप केले तरी ती बुडत नाही, खालचा आधार हलवावा लागतो. द्वीपसमूहाचं वजन काढायला कोमात्सुंनी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र घेतलं. तेव्हा ती चीज नवी आणि महाग होती. ढोबळ हिशेब आजही कागदावर करता येतो: क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७८ हजार चौरस किलोमीटर, कवचाची जाडी ३० किलोमीटर धरली, तर वजन ३०० कोटी कोटी टनांच्या घरात जातं.

लबाडी त्यांनी एकाच जागी केली, वेगात. पॅसिफिक भूपट्ट जपानलगतच्या समुद्रतळाच्या खोल चरात, जपान खंदकात, वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटर सरकतो. प्रावरण हा खडकच. तो वाहतो, पण लाखो वर्षांच्या हिशेबाने. कादंबरीत हेच काम महिन्यांत उरकतं. एवढं एक मान्य केलं की बाकीचं सगळं नियमाने चालतं.

मग दुसरं गणित, माणसांचं. तेव्हाची लोकसंख्या जवळपास ११ कोटी. हातात दहा महिने धरले तर रोज साडेतीन लाखांवर माणसं हलवायची. चारशे आसनांचं विमान धरलं तर दिवसाला ९०० उड्डाणं, तीही विमानतळ खचत असताना. आणि उतरवायचं कुठे? पुस्तकाचा खरा ताण या प्रश्नात आहे: सरकार गुपचूप देशोदेशी माणसांसाठी जागा मागत फिरतं. जमीन गेली तर जपानी माणूस जपानी राहतो का, हे कोमात्सुंना लिहायचं होतं. बुडणं ही प्रस्तावना होती. पण प्रस्तावनेनेच दोन खंड खाल्ले, आणि शेवटी छापलं गेलं ‘पहिला भाग समाप्त’.

मार्च १९७३ मध्ये पुस्तक आलं, ऑक्टोबरमध्ये तेलसंकट, डिसेंबरअखेर चित्रपट. त्यात तोक्यो विद्यापीठाचे भूभौतिकीतज्ज्ञ हितोशी ताकेउची स्वतःच्याच भूमिकेत पडद्यावर येऊन मंत्र्यांना प्रावरण समजावतात. प्रती खपल्या जवळपास चाळीस लाख. दुसरा भाग मात्र येईना.

३१ जानेवारी

मधली वर्षं भराभर: १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात कलाकार तारो ओकामोतोंच्या हाताखाली मुख्य दालनाचं काम; त्याच वर्षी आर्थर क्लार्कसकट परदेशी लेखकांना बोलावून विज्ञानकथेचा आंतरराष्ट्रीय परिसंवाद; १९८४ मध्ये ‘सायोनारा ज्युपिटर’ हा चित्रपट. तो फसला, असं माझं मत.

१७ जानेवारी १९९५, पहाटे ५.४६. कोबेत भूकंपाने हानशिन द्रुतगती मार्गाचा ६३५ मीटरचा उन्नत भाग आडवा झाला. कोमात्सुंनी वर्षभर ‘माइनिची’ वृत्तपत्रात भूकंपावर लेखमाला चालवली: तज्ज्ञांना गाठायचं आणि काय, का कोसळलं ते विचारायचं. कल्पनेतली पडझड त्यांनी नऊ वर्षं पेलली होती. खऱ्या पडझडीच्या एका वर्षानंतर ते नैराश्यात गेले.

दुसरा भाग अखेर २००६ मध्ये आला, जपान बुडाल्यानंतर २५ वर्षांनी विखुरलेल्या लोकांचा. लिहिला कोशु तानी यांनी, कोमात्सुंशी चर्चा करून. २६ जुलै २०११ रोजी कोमात्सु गेले, वय ८०, तोहोकुच्या त्सुनामीनंतर साडेचार महिन्यांनी.

इंग्रजीतून वाचणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: मायकेल गॅलघर यांचा १९७६ चा अनुवाद संक्षिप्त आहे.