तुम्ही विचारलंत म्हणून: "ते पण येशूचंच नाव घेतात ना?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की आता कुणी जवळ येऊन "ताई, एक विचारू का" म्हटलं की कळतंच. उपासनेनंतर चर्चच्या आवारात, लग्नाच्या जेवणाच्या रांगेत, एकदा तर सदरच्या मार्केटमध्ये हातात भाजीची पिशवी असताना. प्रश्न असा, की तुम्ही त्या अमक्या सभा घेणाऱ्या प्रचारक भाऊंच्या शिकवणीला खोटी म्हणता, पण ते पण येशूचंच नाव घेतात ना, लोक रडतात, बरे होतात, हॉल भरतो, मग आपसात कशाला, आणि त्याला "आत्मिक युद्ध" वगैरे एवढे मोठे शब्द कशाला? विचारणारी बहुतेक चांगल्या मनाची माणसं, मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, भांडण नको एवढंच त्यांना वाटतं. म्हणून एकदा नीट बसून लिहिते. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची डिग्री नाही, 19 वर्षं रविवार शाळेत मुलांना शिकवते आहे एवढंच.

मावशीपासूनच सुरू करावं लागेल, तिला विचारूनच लिहितेय.

माझी सख्खी मावशी मेकोसाबागच्या बाजूला राहते. डायबिटीस जुना, इन्सुलिनवर होती. दोन वर्षांमागे मे महिन्यात मी तिच्याकडे पन्हं घेऊन गेले, दुपारची वेळ, कूलर सुरू तरी घाम थांबत नव्हता, आणि मावशीच्या पायात मोजे. नागपूरच्या मे महिन्यात घरात मोजे! विचारलं तर म्हणाली, असेच गं, भेगा पडल्या. पन्हं ठेवायला फ्रिज उघडला तर दारात अंड्यांच्या खणाशेजारी जिथे नेहमी इन्सुलिनचं पेन असायचं तिथे लिंबं ठेवलेली. आणि ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकून एक छोटी प्लास्टिकची बाटली, आत साधं खोबरेल तेल, वरून पांढरं स्टिकर, त्यावर बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या 53व्या अध्यायातला अर्धा श्लोक छापलेला, त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हाला आरोग्य मिळालं तो. ते अभिषेकाचं तेल. भाऊंनी सांगितलं होतं की रोज लावा, आणि औषध घेणं म्हणजे देवाला तोंडावर सांगणं की तुझ्यावर भरवसा नाही. तीन महिन्यांत तीनदा 2100 रुपये "बीज" म्हणून पेरून, म्हणजे भाऊंना दान देऊन, झाले होते, पेन्शनमधून.

मोजा काढायला लावला, करंगळीखाली जखम. शुगर बघितली, 412.

आणि मी ओरडले. तुला फसवलंय, लुटलंय, तो माणूस ढोंगी आहे, तुला अक्कल नाही का, जे जे तोंडात आलं ते सगळं बोलले. मावशी शांतपणे म्हणाली, "तू विश्वासात थंडी पडून राहिली, म्हणून तुला तसं दिसून राहिलं." दार लावून घेतलं. सहा आठवडे माझा फोन उचलला नाही. त्या सहा आठवड्यांत जखम वाढली, मावसभावानं शेवटी जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं, करंगळी काढावी लागली.

पण मला लढाई कुठे चालू आहे हे कळलं ते करंगळीमुळे नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी पलंगाजवळ बसले होते आणि तिनं भिंतीकडे बघत विचारलं, "माझाच विश्वास कमी पडला का गं? देवानं मला टाकलं का?" चाळीस वर्षं पहाटे उठून प्रार्थना करणारी बाई. जिनं मला "आमच्या पित्या" ही प्रार्थना म्हणायला शिकवलं ती. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात प्रेषित पौल सैतानाच्या जळत्या बाणांबद्दल लिहितो नं, तो बाण मी त्या दिवशी पाहिला. तो म्हणजे हे वाक्य होतं. पैसे गेले ते परत कमावता येतील, पण देव कसा आहे याचं जे चित्र तिच्या मनात होतं त्यालाच आग लावली होती, आणि ती आग येशूच्या नावानंच लावली होती.

म्हणून "ते पण येशूचंच नाव घेतात" हे मला उत्तर वाटत नाही. नाव घेऊन आणि वचन वापरूनच हे होतं. अरण्यात सैतानानं प्रभूची परीक्षा केली तेव्हा त्यानं 91वं स्तोत्रच म्हणून दाखवलं, देवदूत तुला हातांवर झेलतील म्हणून. मत्तयात 4थ्या अध्यायात बघा, आणि मग स्तोत्र उघडून शेजारी ठेवा. तिथे "तुझ्या सर्व मार्गांत" तुझं रक्षण करतील असं आहे, ते शब्द त्यानं गाळले, आणि पुढच्याच ओळीत सापाला तुडवशील असं आहे तिथपर्यंत तर तो गेलाच नाही. अर्धं वचन. मावशीच्या बाटलीवर पण अर्धंच होतं. त्या श्लोकाचा पहिला भाग आपल्या अपराधांबद्दल आहे, पुढचा श्लोक आम्ही सगळे मेंढरांसारखे बहकलो यावर आहे, आणि पेत्र आपल्या पहिल्या पत्रात तेच वचन घेतो तेव्हा पापाला मरून नीतिमत्त्वासाठी जगण्याबद्दल बोलतो. आता देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे हं, मत्तय 8 मध्ये यशयाचा तोच अध्याय प्रभूनं आजारी लोकांना बरं केलं त्याला लावलाय, आणि याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, तेल लावून प्रार्थना करावी असं स्पष्ट आहे, आमच्या मंडळीत आम्ही करतो. तेलात चूक नाही. तेलाला किंमत लावली, आणि बरं नाही झालात तर दोष तुमचा असं सांगितलं, तिथे ती दुसरीच सुवार्ता झाली.

मग मावशीबरोबर वाचायला सुरुवात केली. दर मंगळवारी संध्याकाळी, ती पलंगावर, मी खुर्चीवर, मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र मधे. वाद घालायचा नाही असं मी स्वतःला बजावलं होतं, भाऊंचं नावच काढायचं नाही, फक्त वाचायचं, आणि एक अध्याय घेतला की पूर्ण घ्यायचा. इफिस शहरातल्या मंडळीपासून सुरू केलं, कारण आत्मिक युद्धाच्या शस्त्रसामग्रीचं ते पत्र त्यांनाच लिहिलेलं. आणि मग त्या एका मंडळीचा माग काढत गेलो तर अख्खा नवा करार ओलांडून झाला.

प्रेषितांची कृत्ये 19, इफिसात पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांवर नेऊन ठेवत आणि ते बरे होत. मावशी खूश, म्हणाली बघ, रुमाल आहे! मी काही बोलले नाही. अध्याय 20, पौल मिलेतला थांबतो आणि इफिसच्या वडिलांना बोलावून घेतो, रडत रडत सांगतो की मी गेल्यावर क्रूर लांडगे तुमच्यात शिरतील, आणि तुमच्यातूनच काही माणसं उठून विपरीत गोष्टी बोलतील. तुमच्यातूनच. आणि त्याच भाषणात तो म्हणतो की मी कुणाच्या सोन्याचा, रुप्याचा, कपड्याचा लोभ धरला नाही, या हातांनी कमावलं. मावशीनं ते दोनदा वाचायला लावलं. मग पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याला पहिलं पत्र, पौल त्याला इफिसात मुद्दाम ठेवतो ते कुणी भलतं शिक्षण देऊ नये म्हणून, आणि त्याच तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, कारण तो वारंवार आजारी पडायचा. आणि मग दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, निरोपांच्या गर्दीत, एक छोटी ओळ, त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवलं.

मावशीनं बोट तिथेच ठेवलं. "हा त्रफिम कोण?"

इफिसचाच, मी म्हटलं, कृत्ये 21 मध्ये येतो. पौलाबरोबर फिरणारा.

"ज्याचे रुमाल लावून लोक बरे झाले, त्यानं आपल्या माणसाला आजारी सोडलं? त्याच मिलेतात?" बराच वेळ ती काही बोलली नाही. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाली, "अन् त्याला अविश्वासी पण नाही म्हटलं." 

मी इतक्या वर्षांत ती ओळ कितीदा वाचली असेल, मला कधी दिसली नव्हती. माझ्या ओरडण्यानं जे झालं नाही ते या एका ओळीनं केलं. पौलानं सांगितलेल्या शस्त्रांमध्ये कमरबंद, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण सगळी राखणारी आहेत, हल्ला करणारी एकच, तलवार, आणि ती म्हणजे देवाचं वचन. लोकांना आत्मिक युद्ध म्हटलं की भुतं काढणं, माइकमध्ये ओरडणं, घराच्या चार कोपऱ्यांना तेल लावणं डोळ्यांसमोर येतं. पण करिंथकरांना दुसऱ्या पत्रात पौल तटबंदी पाडण्याबद्दल बोलतो तिथे ती तटबंदी कशाची, तर तर्कांची, देवाच्या ज्ञानाविरुद्ध उभ्या राहिलेल्या विचारांची. लढाई डोक्यात बसलेल्या वाक्यांची आहे. आणि आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही हे तिथेच इफिसकरांसमध्ये लिहिलंय, म्हणजे ते भाऊ शत्रू नाहीत, त्यांच्या सभेला जाणारी शेजारीण तर नाहीच नाही. मी त्या भाऊंसाठी रोज नावानिशी प्रार्थना करते. सुरुवातीला दात ओठ खाऊन करायचे, आता तसं नाही.

अजून एक, याचा उलटा अर्थ काढू नका. जे आमच्यासारखं नाही ते सगळं खोटं शिक्षण असं मी म्हणत नाही. आपल्याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 ला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात लेकरांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि मोठेपणी विश्वासानं घेतलेलाच मानणारे पण होते, दोन्ही ठेवलं, कारण मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, जे आहे, पिता, पुत्र, पवित्र आत्मा, वधस्तंभ, पुनरुत्थान, त्यावर ते एक होते. हात वर करून गाणं की हात जोडून, यावर लढायचं नसतं. पण कुणी म्हणालं की येशू फक्त एक मोठा गुरू, किंवा येशू अधिक 2100 रुपये, किंवा प्रभू परत येण्याची तारीख मला स्वप्नात कळली, जेव्हा प्रभू स्वतः म्हणाला की तो दिवस पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, तर तिथे गप्प बसणं म्हणजे प्रेम नव्हे. 325 साली निकेया शहरात मंडळीची सभा एका शब्दासाठी बसली, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की नाही, आणि त्या शब्दासाठी तो धरून राहिलेल्या अथनासियस या बिशपला पुढे पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. त्याला पण लोकांनी म्हटलंच असेल, तो शब्द न मानणारा आरियस पण येशूचंच नाव घेतो ना.

इफिसची गोष्ट मात्र तिथे संपत नाही, आणि हे मी मावशीसाठी नाही, माझ्यासाठी वाचलं. बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, अध्याय 2. प्रभू त्या मंडळीला शाबासकी देतो की प्रेषित नसून प्रेषित म्हणवणाऱ्यांना तुम्ही पारखलं आणि ते लबाड ठरले. म्हणजे पौलाचं रडणं वाया गेलं नाही, त्यांनी राखलं. आणि लगेच पुढे, पण तू आपलं पहिलं प्रेम सोडलं. त्या मे महिन्यात मावशीच्या स्वयंपाकघरात मी बरोबर बोलत होते, एकेक शब्द बरोबर होता, आणि दार बंद झालं. पौल तीमथ्याला लिहितो की प्रभूच्या दासानं भांडू नये, विरोध करणाऱ्यांना सौम्यतेनं शिकवावं, कदाचित देव त्यांना पश्चात्ताप देईल. ते "कदाचित" माझ्या हातात नाही हे शिकायला मला तिची करंगळी जावी लागली, याचं दुःख मला आजही आहे.

मावशी आता इन्सुलिन घेते, पेन परत अंड्यांच्या खणाशेजारी. भाऊंचं चॅनल ती कधीकधी अजून बघते, मी बघू नको म्हणत नाही. परवा रात्री साडेनऊला तिचा फोन. "अगं, आज त्यांनी योएलाचं एकच वचन घेतलं, टोळांनी खाल्लेली वर्षं भरून देईन ते, अन् लगेच अकाउंट नंबर दाखवला. मी पूर्ण पुस्तक वाचायला घेतलं, तीनच अध्याय आहेत. मधे ते अंतःकरण फाडा, वस्त्रं नको, असं काय आहे, ते त्यांनी घेतलंच नाही. तू पण वाचून ठेव, मंगळवारी बोलू."

आज मंगळवार. तिन्ही अध्याय वाचून ठेवलेत, उन्हं उतरली की निघते.