सोल्फेरिनो ते कास्तिल्योने: चालत जा, पण दुपारी नको

उत्तर इटलीतल्या या दोन गावांमधल्या वाटेबद्दल "सपाट रस्ता, दोन तासांत रमतगमत" असं वाचून गेलो होतो. साफ चुकीचं. अंतर नऊ-एक किलोमीटर, पण जूनमधलं ऊन, चढउतार, डांबरी रस्त्याला धड कडा नाही, गाड्या कोपराला चाटून जातात. दीड लिटर पाणी अर्ध्या वाटेतच संपलं.

तरी हा टप्पा गाडीने करू नका. २४ जून १८५९ ला इथे फ्रेंच-सार्डिनियन आणि ऑस्ट्रियन फौजा पहाटेपासून भिडल्या आणि हजारो जखमी कास्तिल्योनेकडे आणले गेले. काहींना खेचराच्या दोन्ही अंगांना खुर्च्या बांधून त्यांत बसवलं होतं. खेचराच्या दर पावलाला मोडलेलं हाड हलणार. तेव्हाच्या शंकूसारख्या गोळीने हाडाचा चुराच होई, मग हात किंवा पाय कापायचा. क्लोरोफॉर्म आलेलं होतं, जंतूंचं ज्ञान नव्हतं. शस्त्रक्रियेतून वाचलेला माणूसही जखम सडून मरे. माझ्या टाचेला फक्त फोड आला होता आणि मी तासभर कुरकुरत होतो.

कास्तिल्योनेत थेट मोठ्या चर्चमध्ये जा. आत पाचेकशे जखमी कोंबले होते. पाणी होतं, अन्न होतं, ते तोंडाशी न्यायला पुरेसे मदतीचे हात नव्हते. माणसं तहानेने मेली. धंद्याच्या कामासाठी फ्रेंच सम्राट नेपोलियन तिसऱ्याला भेटायला निघालेला स्विस व्यापारी आंरी द्युनां इथे अडकला, गावातल्या बायकांना घेऊन कामाला लागला, आणि गाडीवानाला ब्रेशियाला पिटाळून लिंबं, सदरे, तंबाखू मागवली. शत्रू-मित्र न बघता त्या बायका म्हणत, "तुत्ती फ्रातेल्ली", सगळे भाऊच. पुढे रेडक्रॉस आणि युद्धातल्या जखमींना संरक्षण देणारा १८६४ चा जिनिव्हा करार इथून निघाला.

गावातल्या रेडक्रॉस संग्रहालयात जुन्या रुग्णगाड्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं आहेत. मी दुपारी एक वाजता पोचलो तर जेवणाच्या सुटीसाठी दार बंद! दोन तास पायरीवर. वेळ आधी बघाच.

देसेन्झानो स्टेशनवरून सोल्फेरिनोला टॅक्सीवाल्याने ४५ युरो उकळले, पंधरा किलोमीटरसुद्धा नसतील. भाडं बसण्याआधी ठरवा.

सोल्फेरिनोच्या अस्थिघरात सुमारे ७००० सैनिकांची हाडं आहेत, कवट्या रांगेने मांडलेल्या. लहान मुलांना आत नेऊ नका. ते आदल्या दिवशी उरका आणि सकाळी सातच्या आत चालायला लागा. तीन लिटर पाणी, टाचेला पट्टी.