एक कोटी डावांत काका नाहीत

सांगलीत हौसेनं बुद्धिबळ खेळणाऱ्याची एक पंचाईत असते. समोर कुणीही बसो, तो आपल्यापेक्षा जरा चांगलाच खेळतो. भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथं नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच, स्वाती घाटेही इथल्याच. त्यामुळं पेन्शनीत निघालेला साधा माणूससुद्धा डावाची सुरुवात तरी नीट करतो. आपणही ओपनिंगचा थोडा अभ्यास करावा, असं मग वाटायला लागतं. आणि अभ्यास म्हटलं की हल्ली आधी सॉफ्टवेअर.

या प्रांतातलं बडं प्रस्थ म्हणजे हॅम्बुर्गचं चेसबेस, खेळले गेलेले डाव साठवून शोधून देणारं सॉफ्टवेअर. त्याची एक गोष्ट बुद्धिबळवाल्यांत नेहमी निघते. 1985 साली कास्पारॉव्ह हॅम्बुर्गच्या क्लबातल्या आठ जणांशी एकाच वेळी खेळला आणि साडेतीन-साडेचार असा हरला. 1987 मध्ये तो परत आला. तोवर चेसबेस निघालं होतं. अटारी संगणकावर त्यानं प्रतिस्पर्ध्यांचे जुने डाव काढून पाहिले आणि सात-एक असा निकाल लावला. ही गोष्ट ऐकली की कुणाचाही हात खिशाकडं जातो. त्यांच्या मेगा डेटाबेसमध्ये आता एक कोटीच्या वर डाव आहेत.

पण त्या एक कोटीत आमचे काका नाहीत. कास्पारॉव्हला प्रतिस्पर्ध्यांचे डाव बघायला मिळाले, ही त्या गोष्टीतली खरी मेख. माझे प्रतिस्पर्धी, काका त्यातलेच एक, रविवारी गावभागातल्या एका वाड्याच्या सोप्यावर, भडंगाची पुडी शेजारी ठेवून खेळतात. त्यांचे डाव कुणी लिहून घेतलेले नाहीत.

काकांचा एक ठेवणीतला सापळा आहे. पांढऱ्यानं इटालियन मांडला, म्हणजे उंट पटावरच्या सी-4 या घरावर आणला, की काका सी-6 वरचा घोडा उचलून सरळ डी-4 वर नेऊन ठेवतात. ई-5 वरचं प्यादं उघडं पडतं. नवा माणूस खूश होऊन ते घोड्यानं मारतो. मग काकांचा वजीर जी-5 वर येतो. आता पांढऱ्याला एफ-7 वर घोडा घालून वजीर आणि हत्ती दोन्हींवर डोळा ठेवल्याचा आनंद होतो. तो ओसरायच्या आत वजीर जी-2 चं प्यादं खातो, मग ई-4 चं खाऊन शह देतो, आणि सातव्या चालीला घोडा एफ-3 वर येऊन मात. राजा आपल्याच माणसांच्या गर्दीत अडकलेला. याला ब्लॅकबर्न शिलिंग गँबिट असं भारदस्त नाव आहे. काकांना ते माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही. ते फक्त म्हणतात, “घ्या की प्यादं, फुकट हाय.”

उस्तादांच्या डावांत ही चाल शोधायला गेलं तर ती यादीत पार तळाला. चौथ्या चालीला तो घोडा घोड्यानंच मारला की पांढऱ्याचं छान चालतं, हे त्यांना ठाऊक असतं. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरचा ओपनिंग एक्सप्लोरर, म्हणजे कुठल्या चालीनंतर लोक काय खेळले ते दाखवणारी सोय, मला आवडतो तो यासाठीच. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्यात डावांचे वेगवेगळे साठे आहेत. एक उस्तादांचा, दुसरा तिथं रोज खेळणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांचा. दुसऱ्यात रेटिंगचा, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या गुणांचा, गट निवडता येतो. चौदाशे-सोळाशेचा गट लावला की काकांचा घोडा हजारो डावांत डी-4 वर उडी मारताना दिसतो. उस्ताद काय खेळतात यापेक्षा आपल्या पायरीवरचे लोक काय खेळतात, हे कळणं मला जास्त कामाचं वाटतं.

पाठांतरासाठी चेसेबल नावाचं संकेतस्थळ आहे. ते पाढ्यांसारखं घोकून घेतं. चुकलेली चाल लवकर परत विचारतं, आलेली उशिरा. चांगलं आहे, पण काका पाढ्यातली चाल खेळत नाहीत तिथं ते गप्प.

शेवटी माझ्या जुन्या लॅपटॉपवर स्किड हे डाव साठवायचं सॉफ्टवेअर बसवलं. शेन हडसन या न्यूझीलंडच्या माणसानं सुरू केलेलं, फुकट आणि हलकं. दिसायला सरकारी कचेरीतल्या संगणकासारखं, पण शोध झटकन लागतो. मार्क क्राउदर नावाचा एक माणूस 1994 पासून दर आठवड्याला स्पर्धांचे डाव फुकट देतो आहे, ते पीजीएन या डाव लिहायच्या फायलींतून त्यात ओतता येतात. मी थोडे ओतले आणि थांबलो. त्याऐवजी रविवारचे डाव घरी येऊन टिपायला लागलो. पांढरा कोण, काळा कोण, कितव्या चालीला कोण वाहवलं. अशा डावांचं पुस्तक बाजारात मिळत नाही. आता फाइल उघडली की कळतं: काका काळ्या सोंगट्यांनी इटालियनविरुद्ध जोरात असतात, वजिराचं प्यादं पुढं केलं की कंटाळतात, आणि हत्ती-प्याद्यांच्या अखेरीत घाई करतात.

ही बातमी सोप्यावर फुटायला वेळ लागला नाही. काकांनी लॅपटॉप मागवून घेतला, चष्मा कपाळावर चढवून यादी वर-खाली केली.

“काय ओ, माझे हरलेलेच डाव लिवलाय व्हय?”

“जिंकलेलेही आहेत, खाली बघा.”

त्यांनी खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खिशातून पेनड्राइव्ह काढला. “मला बी एक काढून द्या ह्यातलं. पोरगा दावील घरी कसं उघडायचं ते.”

दिलं काढून. माझे डाव वगळून.