अल्कोश ते तेल कैफ: खाल्डियन गावांकडे जाणाऱ्यांसाठी

खाल्डियन लोकांची गावे पाहायची असतील, तर ‘खाल्डियन वारसा’ या नावाखाली विकली जाणारी दक्षिण इराकची सहल घेऊ नका. आम्हाला ती विकली गेली आणि तिच्यात ऊरचा झिग्गुरात (पायऱ्यापायऱ्यांचा प्राचीन देवळाचा मनोरा) व बाबिलोनचे अवशेष यांपलीकडे काही नव्हते. इ.स.पू. 626 ते 539 या काळात बाबिलोनवर राज्य करणाऱ्या घराण्याला खाल्डियन म्हणतात हे खरे आहे. पण आज स्वतःला खाल्डियन म्हणवणारे लोक हे रोमशी एकनिष्ठ असलेले पूर्व सिरियाक परंपरेचे (म्हणजे सिरियाक या जुन्या अरमाईक भाषेत उपासना करणारे) ख्रिस्ती आहेत, ते घरात सुरेत ही आधुनिक अरमाईक बोलतात आणि त्यांची जुनी गावे मोसुलच्या उत्तरेला निनवेच्या मैदानात आहेत. दोन्ही ठिकाणे पाहण्यासारखी आहेत, परंतु एकाच्या नावावर दुसरे विकणे ही सरळसरळ फसवणूक आहे.

या सहलीतला सर्वांत वाईट टप्पा तेस्कोपा आणि बतनाया यांच्यामधला, आणि तो जेमतेम काही किलोमीटरांचा आहे. नकाशावर अल्कोश, तेस्कोपा, बतनाया, तेल कैफ आणि मोसुल ही नावे उत्तरेकडून दक्षिणेकडे एकाच रस्त्यावर दिसतात आणि अर्ध्या दिवसात सगळे उरकेल असे वाटते. गाडी ठरवताना आम्हाला तसेच सांगण्यातही आले होते. प्रत्यक्षात 2017च्या ऑक्टोबरपासून तेस्कोप्यापर्यंत कुर्दिस्तान या उत्तर इराकमधल्या स्वायत्त प्रदेशाच्या कुर्द दलांचा ताबा आहे आणि बतनायापासून पुढे बगदादच्या बाजूची दले आहेत. या सीमेवरच्या चौकीत आमची पारपत्रे घेऊन आत नेली गेली आणि आम्ही उन्हात ताटकळत राहिलो. आमच्याकडे बगदाद सरकारचा व्हिसा होता, तरीही कोणाकडे निघालात, तिथे ओळखीचे कोण आहे, हे पुन्हा पुन्हा विचारले गेले. दरम्यान दहोक या कुर्दिस्तानातल्या शहरातून आलेल्या चालकाने थांबण्याचे वेगळे पैसे मागितले आणि ते दिल्यावर पुढे येण्यास नकार दिला. परतल्यावर हिशेब केला तेव्हा ठरलेल्या भाड्याच्या दुपटीहून अधिक रक्कम गेली होती, आणि बतनाया मात्र पाहायचेच राहिले होते.

म्हणून स्पष्ट सांगतो: ही एक सहल नाही, दोन आहेत. अल्कोश आणि तेस्कोपा दहोककडून करा. बतनाया आणि तेल कैफ मोसुलकडून, मोसुलच्याच चालकाबरोबर, वेगळ्या दिवशी करा. आम्हाला शेवटी तसेच करावे लागले. फक्त कुर्दिस्तानचा व्हिसा असेल, तर दुसरी सहल विसरा, कारण तो बगदादच्या चौक्यांवर चालत नाही. भाडे ठरवताना थांबण्याचा वेळ धरून एकच आकडा ठरवा आणि पैसे परतल्यावरच द्या.

बतनाया 2014च्या ऑगस्टपासून 2016च्या ऑक्टोबरपर्यंत ‘इस्लामिक स्टेट’च्या ताब्यात होते आणि त्या लढाईत गावाचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. काही घरे पुन्हा उभी राहिली आहेत, शेजारचे ढिगारे मात्र तसेच आहेत. तिथे छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारा, कारण तो ढिगारा कोणाचे तरी घर आहे. तेल कैफ एके काळी या मैदानातले मोठे खाल्डियन गाव होते. त्याची माणसे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या डेट्रॉइटला गेली आणि 2014 नंतर उरलेल्यांतलेही थोडेच परतले. खाल्डियन तेल कैफ आज डेट्रॉइटमध्येच अधिक भेटेल.

अल्कोशला पूर्ण दिवस द्या, शक्य असेल तर रात्रही. हे गाव 2014मध्ये रिकामे झाले, पण ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडले नाही. डोंगरात कोरलेला रब्बान होर्मिझ्दचा मठ सातव्या शतकातला आहे. चालक तुम्हाला सपाटीवरच्या 1859 सालच्या मठाशी उतरवून हाच तो मठ असे सांगेल, तर गाडीतून उतरू नका. वरचा मठ हवा, असे ठामपणे सांगा. वळणावळणाचा रस्ता आणि शेवटच्या पायऱ्या पायांना फार कठीण नाहीत, मात्र उन्हाळ्यात सकाळी आठनंतर चढू नका आणि पाणी खालूनच न्या. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या कुलपतींच्या (म्हणजे या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंच्या) समाध्या इथे आहेत. कड्यातल्या कोठड्यांमधून खालचे मैदान पाहताना आदल्या दिवसाचा सगळा संताप मावळला, हे मान्य करतो. एवढ्यासाठी मी ती चौकीही पुन्हा सोसेन.

याच मठाचा प्रमुख योहानान सुलाका रोमला गेला. कुलपतिपद काकाकडून पुतण्याकडे वंशपरंपरेने जात होते, या प्रथेला विरोध करणाऱ्या गटाने सुलाकाला निवडले होते. पोप तिसरा ज्युलियस याने 1553मध्ये त्याला कुलपती म्हणून मान्यता दिली आणि 1555मध्ये उत्तर इराकमधल्या अमादियाच्या शासकाने त्याचा जीव घेतला. त्याचा भाऊ मार योसेफ मलबारच्या ख्रिस्तींचा बिशप म्हणून निघाला, तेव्हा पोर्तुगिजांनी त्याला गोव्यात अडवले आणि काही काळ वसईच्या फ्रान्सिस्कन मठात ठेवले. वसईचा किल्ला पाहिलेल्या मराठी माणसाने अल्कोशच्या या मठात उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

गावातली नहूम या बायबलमधल्या यहुदी संदेष्ट्याची समाधी चुकवू नका. 1950च्या दशकाच्या आरंभी इथले यहुदी इराक सोडून गेले आणि समाधीची राखण एका खाल्डियन कुटुंबाकडे आली. पडझड झालेली वास्तू आता उत्तम दुरुस्त केली आहे आणि भिंतीवरचे हिब्रू लेख वाचता येतात. दार बंद असेल तर परत फिरू नका, गावात विचारा.

कुर्दिस्तानची राजधानी एरबिलच्या अंकावा या ख्रिस्ती भागातले दिवस आरामात गेले. तिथले सिरियाक वारसा संग्रहालय पाहा, एवढे पुरे. मात्र जेवणाच्या पंगतीत ‘तुम्ही खाल्डियन की असिरियन’ हा प्रश्न पाहुण्याने काढू नये; असिरियन हे याच भाषेच्या ख्रिस्तींपैकी काहींनी स्वीकारलेले दुसरे नाव. एकाच घरात दोन उत्तरे मिळतात आणि दोन्हींमागे शतकांचे दुःख असते. काहींच्या मते खाल्डियन हे 1445मध्ये सायप्रसच्या एका समूहाला पोपने दिलेले चर्चचे नाव आहे, तर काहींच्या मते ते स्वतंत्र राष्ट्रीयत्व आहे. इराकच्या 2005च्या संविधानातील कलम 125मध्ये दोघांची नावे वेगवेगळी आहेत. लोक आपणहून बोलू लागले तर ऐका, निवाडा करू नका. आणि अल्कोशहून दहोकची परतीची गाडी सकाळीच ठरवा, कारण संध्याकाळी मिळेल त्या भाड्याने जावे लागते.