बॉस्टनचे बंदर आणि वूस्टरचा रस्ता

अमेरिकेतल्या बॉस्टनच्या लाँग वॉर्फ या धक्क्यावर आज सहलीच्या बोटींची वर्दळ असते, पण १ जून १७७४ पासून हे सारे बंदर ब्रिटिश आरमाराने व्यापाराला बंद केले होते. आदल्या डिसेंबरच्या १६ तारखेला चहावरील ब्रिटिश कराच्या निषेधार्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या इथे पाण्यात फेकल्या गेल्या होत्या आणि त्यांची भरपाई होईपर्यंत बंदर उघडायचे नाही, असा ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा होता. अपराध काही जणांचा, पण उपासमारीची पाळी गोदीतल्या हमालांवर आणि खलाशांवर आली, ही गोष्ट त्या धक्क्यावर उभे राहून वाचताना आजही संताप आणते. बॉस्टन एकटे पडेल, ही लंडनची अटकळ मात्र साफ चुकली. शेजारच्या कनेक्टिकट वसाहतीतून इस्रायल पटनम हे शेतकरी मेंढ्यांचा कळप हाकत आले, दक्षिण कॅरोलायनातून तांदूळ आला.

तिथून मी ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये गेले. चहा बुडवण्यापूर्वी हजारो लोक याच विटांच्या इमारतीत जमले होते. आतली पांढरी, दार असलेली लाकडी बाके नंतरची आहेत. मूळची बाके उखडून ब्रिटिश फौजेने १७७५ मध्ये इथे घोडे फिरवले.

माझ्या मते खरा घाव घातला तो, बॉस्टन ज्या ब्रिटिश वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराविषयीच्या कायद्याने. गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकापेक्षा जास्त गावसभा भरवायची नाही, सल्लागार मंडळ राजाने नेमायचे आणि न्यायाधीश गव्हर्नरने, असे ठरल्यावर ज्यांचा बंदराशी काडीचा संबंध नव्हता ते शेतकरीही खवळले.

म्हणूनच मी लोकल गाडीने मॅसॅच्युसेट्समधल्याच, बंदरापासून दूर असलेल्या वूस्टरला गेले. ६ सप्टेंबर १७७४ रोजी इथल्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ४,६२२ लोक आपापल्या गावच्या तुकडीत उभे राहिले आणि न्यायालयाच्या अधिकाऱ्यांना टोप्या हातात घेऊन त्यांच्यामधून चालत, नव्या कायद्याखालील अधिकार सोडल्याचे निवेदन तीसहून अधिक वेळा वाचावे लागले. एकही गोळी झाडली गेली नाही. तो रस्ता मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. दुकाने, बसथांबे, कचेऱ्या असा तो आज अगदी साधा रस्ता आहे. आदल्याच दिवशी फिलाडेल्फियात बारा वसाहतींच्या प्रतिनिधींची पहिली काँग्रेस, म्हणजे संयुक्त सभा, भरली होती. बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या बंदुका धडाडल्या त्या पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. पण मॅसॅच्युसेट्सचे ब्रिटिश गव्हर्नर असलेल्या जनरल गेज यांचा अंमल बॉस्टनबाहेर त्याच्या कितीतरी आधी संपला होता.