सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं?

"म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, नाही का हो?" मी कान तपासते हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या घरी कुणीतरी वडीलधारं असतं. हट्टी झालेलं, विचारलं एक की सांगणार भलतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: नाही.

तपासणीच्या खोलीत काय चालतं बघा. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ खुर्चीत, मुलगा शेजारी. मी विचारते, "काका, त्रास केव्हापासून?" उत्तर मुलगा देतो. "कानात काही वाजल्यासारखं होतं का?" त्याचंही उत्तर मुलगाच देतो! आता वडिलांच्या कानात काय वाजतंय, हे याला कुठून कळलं? काका गप्प बसतात, कारण त्यांना सवय झालेली असते. हे गप्प बसणं मग "बाबांना हल्ली समजत नाही" या खात्यावर जमा होतं.

दुसरी ठरलेली तक्रार, "यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं." वयोमानाने ऐकू कमी यायला लागतं तेव्हा बहुधा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. बोलण्यातले स्वर ठळक असतात. स, श, फ ही व्यंजनं बारीक आणि हलकी. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. 'साठ'मधला स गळला की 'आठ' उरतो, आणि हिशेब चुकला म्हणून घरचे एकमेकांकडे बघतात. शांत खोलीत, समोरासमोर हेच काका तासभर गप्पा मारतील. टीव्ही चालू असताना कुणी स्वयंपाकघरातून पाठमोरं काही विचारलं, की अडतं. त्यात ढोंग नसतं.

ओरडूनही भागत नाही. ओरडलं की स्वर फुगतात, स बिचारा होता तिथेच राहतो. शिवाय अशा कानांना हळू आवाज ऐकूच येत नाही आणि जरा चढला की सोसत नाही. म्हणून ते "ओरडतेस कशाला!" म्हणून खेकसतात, आणि चिडचिडे ठरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार साठीपुढच्या पाव हिश्शाहून अधिक लोकांना रोजच्या व्यवहारात अडचण येण्याइतकं कमी ऐकू येतं. म्हणजे उरलेल्या बहुसंख्यांना तसं होत नाही. पण पांढरे केस दिसले की आपण सरसकट सगळ्यांशीच आवाज चढवून, लाडे लाडे बोलतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांशी तरी असं बोलावं का? २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, काळजी घेणारे असं बोबडं बोलले की हे रुग्ण जास्त विरोध करतात असं दिसलं होतं. मला त्याचं नवल वाटलं नाही.

मला खरा राग येतो तो "वय झालं, चालायचंच" या वाक्याचा. ते नातेवाईक म्हणतात, कधी डॉक्टरही म्हणतात, आणि शेवटी काका स्वतःच म्हणायला लागतात. त्यापायी तपासणी वर्षानुवर्षं लांबते. २००२ साली अमेरिकन संशोधक बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने पाहणारी माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. एवढ्यावरून कुणाला आयुष्याची हमी देता येत नाही, पण आकडा दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

तेव्हा आधी कान तपासून घ्या. टीव्ही बंद करा, समोर बसा. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगा, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. महिनाभर करून बघा, मग बालपणातलं किती उरतं ते मला येऊन सांगा.